स्तामेन गोचेव्हची वही

१४ नोव्हेंबर
आज कोर्टाच्या पायऱ्यांवर एक माणूस माझ्या तोंडावर थुंकला. मी रुमालाने पुसलं आणि वर गेलो. ल्युबेन ताचेव्ह त्याचं नाव, ट्रॉलीबसचा ड्रायव्हर. ऑगस्टमध्ये त्याची बायको वान्या आणि शेजारची म्हातारी स्लाव्का बाजारातून आल्या, पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये चढल्या. सातव्या मजल्याजवळ दोर तुटला. आपत्कालीन ब्रेकनेही धरलं नाही. त्या लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक स्तामेन गोचेव्ह हा माझा अशील.

आरोपीला वकील परवडत नसला की कोर्ट यादीतून एक नाव काढतं. रूसे शहरात ते नाव बहुतेक वेळा यावोर पेयचिनोव्ह असतं, कारण बाकीचे फोन उचलत नाहीत.

घरी एलित्साने विचारलं, "कॉलर ओली कशाने?"
"पाऊस."
"बाहेर ऊन होतं, यावोर."
मग ती व्हायोला उचलून शिकवणीला गेली. चार घरी मुलांना शिकवते, शिवाय लग्नात वाजवते. अकरा वर्षांत पैशावरून एक शब्द बोललेली नाही. तिची ही न केलेली तक्रार मला फार मोठ्याने ऐकू येते.

१९ नोव्हेंबर
तुरुंगात स्तामेनकाकांना भेटलो. सत्तावन्न वर्षांचा बुटका माणूस, ग्रीस मुरून काळी पडलेली नखं. तीन महिने आत आहेत तरी तो रंग गेलेला नाही.

"वकीलसाहेब, माझ्या हाताखालची लिफ्ट पडली. दोन बाया मेल्या. आता तुम्ही काय सिद्ध करणार?"
"दोर जुना होता हे तुम्हाला माहीत होतं का?"
"मला नाही माहीत तर कुणाला? बावीस वर्षं हेच करतोय."
"मग वरच्यांना सांगितलं का नाही?"
त्यांनी मागे वळून पहारेकऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नेदकाकडे जा. माझी बहीण. तिच्याकडे एक वही आहे."

२२ नोव्हेंबर
नेदकाबाई स्वतःच आल्या. पिशवीत ल्युतेनित्साच्या, घरच्या मिरची-टोमॅटो चटणीच्या, चार बाटल्या, आणि त्यांच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली शाळेची चौकडीची वही.

स्तामेनकाका प्रत्येक लिफ्टची नोंद ठेवत. "ब्लॉक चार, डावी. दोराच्या एकवीस तारा तुटल्यात. बदलायला हवा. सांगितलं." ही पहिली नोंद. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आता सव्वीस तारा. तिसऱ्या नोंदीत ब्रेकचाही उल्लेख, आणि तिच्याखाली निळ्या शाईत वेगळं अक्षर: "उन्हाळा संपेपर्यंत चालेल. लिफ्ट बंद करायची नाही." खाली सही आहे क्रुम दियान्कोव्हची, लिफ्ट कंपनीच्या डायरेक्टरची.

मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. नेदकाबाई घाबरल्या. "वाईट आहे का काही?"
"बाई, तुमचा भाऊ यातून सुटू शकतो."

रात्री एलित्साला ती तीन पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या ल्युबेनला हे कळायला हवं." कळेल. पण आत्ता नाही. वेळेआधी दाखवलं की समोरच्याला उत्तर जुळवायला वेळ मिळतो. वीस फेब्रुवारीच्या सुनावणीत न्यायाधीशांसमोर काढायची. तोवर ऑफिसच्या लोखंडी कपाटात. झेरॉक्ससुद्धा काढली नाही. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याला गावातली प्रत्येक भानगड पाठ असते.

६ डिसेंबर
निकुल्देनच्या सणाचं वकिलांचं जेवण. कार्प मासा, पांढरी वाईन, तीच ती भाषणं. माझ्या शेजारी सोफियाच्या कारादिमोव्हा मॅडम बसल्या होत्या. राजधानीतली मोठी फर्म त्यांची. पन्नाशीच्या असतील, आवाज अगदी हळू, त्यामुळे माणूस आपोआप जवळ सरकतो. दोन तास त्या फक्त माझ्या कामाबद्दल विचारत होत्या. लिफ्टच्या केसबद्दल तर बारीकसारीक सगळं. एवढ्या मोठ्या बाईंनी एका मेकॅनिकमध्ये इतका रस घ्यावा! आपल्या धंद्यात अजून माणुसकी आहे.

"पण जिंकण्यासारखं त्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.
वाईन झाली होती. मी म्हणालो, "डायरेक्टरच्या स्वतःच्या हातचं लिहिलेलं आहे माझ्याकडे."
त्यांनी माशाचा काटा बशीच्या कडेला ठेवला. "तुमच्यासारखा माणूस इथे कुजतोय," म्हणाल्या.

परत येताना ते वाक्य मनात घोळत होतं. खरं सांगायचं तर आत्ताही घोळतंय.

१८ डिसेंबर
सोफियाहून पत्र आलं. नोकरी. कंपन्यांचे करार, भाडेपट्टे, पगार आत्ताच्या चौपट, राहायला फ्लॅट. अट एवढीच की एक फेब्रुवारीपर्यंत कोर्टाने दिलेल्या सगळ्या केसेस सोडायच्या.

लगेच फोन केला. म्हटलं, "एक तरी केस शेवटास न्यायची परवानगी द्या."
"लिफ्टची? नाही हो, यावोर. ती तर मुळीच नाही."
मी केसचं नाव घेतलंही नव्हतं. माझ्या कामावर या लोकांची किती बारीक नजर आहे! पंधरा वर्षांत रूसेतल्या एकाही न्यायाधीशाला माझं पहिलं नाव लक्षात राहिलेलं नाही.

१ जानेवारी
बानित्सामध्ये, नव्या वर्षाच्या चीजच्या पोळीत, घालायच्या भविष्याच्या चिठ्ठ्या एलित्साने लिहिल्या होत्या. मला "प्रवास" आली. मी म्हणालो, "बघ, देवाचीही इच्छा आहे."
"चिठ्ठ्या मी लिहिल्यात. सातपैकी तीन 'प्रवास' आहेत, कारण दुसरं काही सुचेना."
"तुला चांगलं घर हवंय ना?"
"मी कधी मागितलं?"
"मागत नाहीस म्हणूनच तर."
तिने बशा उचलल्या. "यावोर, तुला जायचं असेल तर जा. पण माझ्या नावावर जाऊ नकोस. माझी शिकवणीची मुलं इथे आहेत, माझी माणसं इथे आहेत. मला सोफिया नको."

स्वाभिमानी आहे. तोंडाने कधीच मागणार नाही. हे तिच्यासाठी मलाच करावं लागणार.

२१ जानेवारी
स्तामेनकाकांना सांगितलं. वाटेत तीनदा वाक्यं जुळवली होती, एकही लागलं नाही.

"जा की," ते म्हणाले. "तुम्ही तरुण आहात. माझी केस कुठे पळून जाणार आहे?"
"माझ्या जागी मिलेना राश्कोव्हा येईल. हुशार मुलगी आहे."
"मुलगी म्हणजे किती वर्षांची?"
"सव्वीस."
ते हसले. "माझ्या बुटांहून लहान. बरं. वही तुमच्याकडेच आहे ना?"
"तिच्या हातात पोचेल. माझा शब्द."

त्यांनी हात पुढे केला. बाहेर येऊन गाडीत बराच वेळ बसलो. एका माणसापायी सगळं आयुष्य थांबवायचं का? एक गेला की दुसरा येतो, यादी संपत नाही. मी काही केस रस्त्यावर टाकत नाहीये, रीतसर सोपवतोय.

२९ जानेवारी
फर्मने स्वतःच्या खर्चाने टेम्पो पाठवला. दोन माणसांनी अर्ध्या तासात ऑफिस रिकामं केलं, लोखंडी कपाट कुलपासकट उचललं. काय व्यवस्था! यादीवर माझी सही घेतली आणि गेले. मी तेव्हा घरमालकाशी अनामतीवरून वाद घालत होतो.

एलित्सा म्हणाली, "ती वही तरी हातात ठेवायचीस. कपाटात कशाला जाऊ दिलीस?"
हिला सामान हलवायचं म्हटलं की धास्तीच वाटते. मिलेनाला फोन करून सांगितलं, आठ दिवसांत पाठवतो.

८ फेब्रुवारी, सोफिया
एलित्सा रूसेलाच राहिली. खिडकीतून वितोशा डोंगर दिसतो. बर्फ, ऊन, खाली ट्राम. टेबल एवढं मोठं की दोन्ही हात पसरले तरी कडा लागत नाहीत. कपाट तळघरातल्या दप्तरखान्यात आहे म्हणे. खाली गेलो होतो, बंद होता. मॅडमना विचारलं. "सगळ्यांच्या सामानाची नोंद चालू आहे, थोडा धीर धरा."

१२ फेब्रुवारी
मिलेनाचा फोन. पुन्हा विचारलं मॅडमना. नोंद चालूच आहे. एकाच गोष्टीसाठी किती वेळा दार वाजवायचं? नवा आहे मी इथे.

१५ फेब्रुवारी
मिलेनाचे आज दोन फोन. मी बैठकीत आहे असं सेक्रेटरीला सांगायला लावलं. तसा बैठकीला निघालोच होतो.

२० फेब्रुवारी
दिवसभर एका गोदामाचा भाडेकरार. तेवीस पानं.

२१ फेब्रुवारी
मिलेनाला मीच फोन केला. समोर डायरेक्टर दियान्कोव्ह आला, शपथेवर म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानंतर सरकारी वकिलाने तडजोड पुढे केली. गुन्हा कबूल केला तर चार वर्षं, नाहीतर आठ मागणार. स्तामेनकाकांनी सही केली. तडजोडीवर अपील नसतं.

"सर," मिलेना म्हणाली, "ते दारापर्यंत वळून बघत होते. त्यांना वाटत होतं, तुम्ही वही घेऊन याल."

मी तिला समजावलं, वही म्हणजे सगळं काही नव्हतं. उलटलीही असती. दोर खराब असल्याचं माहीत असूनही लिफ्ट चालू ठेवली, असाच अर्थ निघाला असता. बोलता बोलता मला ते पटलंही. मग म्हणाली, "मी ती वाचलीच नाही, सर. मला कसं कळणार?"

१२ मार्च
आज टेबलावर एक काम आलं. एक कंपनी बंद करायची, दुसऱ्या नावाने नवी काढायची, करार सगळे नवीकडे वळवायचे, जबाबदाऱ्या जुनीत ठेवायच्या. पत्ता रूसेचा. डायरेक्टर क्रुम दियान्कोव्ह.

पान उलटलं. पुन्हा मागे आलो. फर्मच्या अशिलांची यादी मागवली. दियान्कोव्ह सहा वर्षांपासून त्यात आहे.

मॅडमच्या खोलीत गेलो. दार लावलं नाही, हे नंतर लक्षात आलं.
"तुम्हाला सगळं माहीत होतं."
"काय माहीत होतं?"
"तो तुमचा माणूस आहे. मला म्हणून बोलावलंत."
"यावोर, तुम्ही चांगले वकील आहात म्हणून बोलावलं. आमचे अशील कोण आहेत, हे तुम्ही कधी विचारलं का?"
"माझ्या कपाटात एक वही होती."
त्यांनी फाईल काढून कागद माझ्यापुढे सरकवला. टेम्पोवाल्यांची यादी. ओळ अकरा: लोखंडी कपाट, रिकामं. खाली माझी सही.

मी, वकील, न वाचता सही केली.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, हळू. "पाणी हवंय?"
मी पाणी प्यालो. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

उद्या राजीनामा.

२६ मार्च
राजीनामा दिलेला नाही.

१४ एप्रिल
एलित्साला फोनवर सगळं सांगितलं. तिच्या बाजूला कुणीतरी चुकत चुकत सूर घासत होतं. तिने त्या मुलाला थांबवलं आणि ऐकलं.

"आता काय करणार आहेस?"
"पुरावाच नाही तर काय करू? वही गेली."
"तू वाचली आहेस. मी ऐकली आहे. नेदकाबाईंनी सांभाळली आहे. तीन माणसं आहोत."
"फर्मच्या अशिलाची गोष्ट बाहेर फोडली म्हणून माझी सनद जाईल, एलित्सा. फर्म सोडणार नाही."
"हं."
"हे सगळं मी कुणासाठी केलं?"
मग म्हणाली, "तेच मी जानेवारीत विचारलं होतं," आणि त्या मुलाला पुन्हा वाजवायला सांगितलं. फोन ठेवायची ती विसरली असावी. मी तो धडा शेवटपर्यंत ऐकला.

३ जून
सकाळी खालून फोन आला की भेटायला एकजण आलेत, वेळ घेतलेली नाही. ल्युबेन ताचेव्ह. रात्रीच्या बसने आला होता. अंगात सुती कोट, तो काढेना. काचेच्या खोलीत माझ्यासमोर बसला आणि खिशातून पत्र काढलं.

"हे तुरुंगातून आलंय. त्याचं."
स्तामेनकाकांचं अक्षर, मोठं, शाळकरी. दोर बदलला नाही याबद्दल माफी मागितली होती. लिफ्टची वीज मी स्वतः तोडायला हवी होती, नोकरी गेली असती तरी, असं लिहिलं होतं. वहीबद्दल अक्षरही नव्हतं.

"मला एवढंच सांगा," ल्युबेन म्हणाला. "त्याने वर कुणाला सांगितलं होतं की नाही? माझी बायको एका आळशी माणसापायी मेली, का कुणाला माहीत असून मेली? झोप लागत नाही हो मला. तो विचार करकरून तिचा चेहरा विसरायला लागलोय."

काचेपलीकडून मॅडम चालल्या होत्या. थांबल्या.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "तीनदा. लेखी. वरून उत्तर आलं, लिफ्ट बंद करायची नाही."
"तुम्हाला कधीपासून माहीत?"
"नोव्हेंबरपासून."
"मी तुमच्यावर थुंकलो त्याच्या आधीपासून?"
"नंतर. आठ दिवसांनी."
त्याने मान खाली घातली. मला वाटलं उठून मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मग ते लिहून द्या. मी बसतो इथे."
"इथे नको, मी नंतर पाठवतो..."
"नाही. तुम्ही नंतर पाठवता ते येत नाही. ती राश्कोव्हा म्हणाली मला."

मी लिहिलं. तीन पानं, हाताने. तारा किती तुटल्या होत्या ते आकडे, निळी शाई, सही, टेम्पो, ओळ अकरा. मॅडम आत आल्या, म्हणाल्या, "यावोर, याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत." ल्युबेनने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या कोण?" मी म्हणालो, "दियान्कोव्हच्या वकील." तेवढं वाक्य मोठ्याने म्हणायला मला तीन महिने लागले.

१९ सप्टेंबर
केस पुन्हा उघडावी म्हणून मिलेनाने अर्ज केला होता, आज त्यावर साक्षी. नेदकाबाई, एलित्सा, मग मी. एलित्साने आपली साक्ष एप्रिलमध्येच मिलेनाला लिहून दिली होती. मला बोलली नव्हती.

पुकारा झाल्यावर सवयीने मी वकिलांच्या टेबलाकडे निघालो. शिपाई म्हणाला, "साहेब, तिकडे नाही. इकडे."

८ ऑक्टोबर
अर्ज फेटाळला. वही अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, वही पाहिल्याची केवळ आठवण आहे, आणि त्यातला एक साक्षीदार स्वतःच्या जुन्या मालकांवर नाराज असलेला वकील. निकाल नीट लिहिलेला आहे. मी न्यायाधीश असतो तर कदाचित हेच लिहिलं असतं. वकील परिषदेने दीड वर्षासाठी माझी सनद काढून घेतली. मॅडमना कुणी काही विचारलं नाही.

रूसेला परत आलो आहे. मागच्या छोट्या खोलीत झोपतो. एलित्सा जेवायला वाढते, समोर बसते, बोलत नाही. आज मीठ मागितलं तिने.

१७ ऑक्टोबर
तुरुंगात भेटीच्या रांगेत उभा राहिलो, नेदकाबाईंच्या मागे. वकिलांचं दार वेगळं असतं. ही रांग पंधरा वर्षांत मी फक्त ओलांडून गेलोय. दोन तास लागले.

स्तामेनकाका बारीक झालेत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात हलवला.
"ते राहू द्या. पंधराच मिनिटं देतात. मला सांगा, त्या वसाहतीतल्या लिफ्ट आता कोण बघतं?"
"दियान्कोव्हचीच नवी कंपनी."
"दोर बदलले?"
"चार नंबरला नवी लिफ्ट बसवली."
"आणि पाचला?"
मला माहीत नव्हतं.
ते पुढे झुकले. "पाच नंबरचा दोर चारच्याच रिळातला आहे. एकाच दिवशी चढवले मी दोन्ही. सरकारी वकिलाला सांगितलं, तर म्हणाला, विषय तो नाही. राश्कोव्हाने दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तुम्ही मोकळे आहात ना आता?"
"आहे."
"मग जा आणि सांगा लोकांना. जिना चढा म्हणावं."

तिथून थेट पाच नंबरला गेलो. आठ मजले, बत्तीस दारं. तळमजल्यावर दार उघडलेल्या माणसाने विचारलं, "तुम्ही कंपनीचे?" "नाही." "नगरपालिकेचे?" "नाही." "मग कोण?" 'वकील' म्हणायची सोय आता नव्हती. त्याने दार लावलं. दुसरीकडे एका बाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, सासऱ्याला पक्षाघात झालाय, त्याला जिन्याने कसा नेऊ? तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आतूनच ओरडलं, काही विकत नकोय.

खाली आलो तर एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभी होती. बटण दाबून झालं होतं.
"आजी, यात बसू नका. दोर धड नाही."
"रोज बसते मी यात."
"म्हणूनच सांगतोय. द्या त्या पिशव्या. कितवा मजला?"
"सातवा. वेडा आहेस का? माझे गुडघे बघ."
"तुम्ही सावकाश या. मी पिशव्या वर नेऊन ठेवतो."

तिने पिशव्या दिल्या. बटाटे आणि कोबी, बऱ्याच जड. मी चढायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असताना खाली लोखंडी दार आपटलं आणि मोटर सुरू झाली. मी ओरडलो. पिशव्या घेऊन धावायला लागलो, कशासाठी ते माहीत नाही. भिंतीपलीकडून लिफ्ट माझ्या बाजूने वर गेली, पुढे गेली, आणि तो घरघराट थांबेपर्यंत मी भिंतीला हात लावून एकेक मजला मोजत होतो.

सातव्या मजल्यावर पोचलो तेव्हा ती दार उघडून किल्ली हातात घेऊन उभी होती.
"एवढा वेळ?" ती म्हणाली.